जुनी हार्डडिस्क नव्या कॉम्प्युटरला लावायचीय, डेटा जाईल का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणारी निम्मी पत्रं एकाच विषयावरची आहेत. जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, म्हणून विंडोज ११ रीतसर बसत नाही, मग नवीन कॉम्प्युटर घेतला, आणि आता जुनी हार्डडिस्क हातात घेऊन लोक विचारतायत की हिचं काय करू. त्यातली काही पत्रं यावेळी घेतोय. नावं दिलेली नाहीत, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न: नमस्कार सर, मी निवृत्त शिक्षक, कराडला असतो. माझा जुना कॉम्प्युटर २०१४ सालचा, त्यात १ टीबीची हार्डडिस्क. मुलाने आता नवीन असेंबल करून दिलाय, त्यात ५१२ जीबीची एसएसडी आहे, ती छोटी पट्टीसारखी, मदरबोर्डवरच बसते. जुन्या डिस्कवर नातवंडांचे फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ, भजनं, पेन्शनचे कागद सगळं मिळून ६०० जीबीच्या वर आहे, म्हणजे नवीनमध्ये मावतच नाही. जुना कॉम्प्युटर अजून चालू होतो. दुकानदार म्हणतो जुनी डिस्क लावायची तर फॉरमॅट मारावी लागेल. खरं आहे का? आणि लावायची तर मला घरी जमेल का?

उत्तर: सर, फॉरमॅट अजिबात मारायची नाही. डिस्कवर आधीचं विंडोज असलं तरी ती नव्या मशीनमध्ये नुसती डेटाची डिस्क म्हणून लागते, तुमचे फोल्डर जिथे आहेत तिथेच राहतात. आणि हो, घरी जमण्यासारखं काम आहे, एक स्क्रूड्रायव्हर लागतो आणि अर्धा तास लागतो. पण लावायच्या आधी दोन गोष्टी करा आणि त्या टाळू नका, कारण बहुतेकांचा डेटा डिस्क जोडताना जात नाही, तो त्याच्या आधी किंवा नंतर जातो.

पहिली गोष्ट, जुना कॉम्प्युटर चालू होतोय तोवरच डिस्कची तब्येत बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडलं की वर निळ्या रंगात 'गुड' किंवा पिवळ्यात 'कॉशन' लिहून येतं. पण नुसत्या निळ्यावर जाऊ नका, खालची यादी बघा. त्यात रिअलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर अशा तीन ओळी सापडतील, त्यांच्या उजवीकडचा रॉ व्हॅल्यूचा आकडा शून्य पाहिजे. तिथे आकडे आधी हेक्समध्ये दिसतात, म्हणजे १० च्या जागी ए वगैरे, तर मेनूत फंक्शन, मग अॅडव्हान्स्ड फीचर, मग रॉ व्हॅल्यूज असं जाऊन दहाचं सेटिंग केलं की सरळ आकडे दिसतात. पेंडिंग सेक्टर शून्याच्या वर असेल तर त्याचा अर्थ डिस्कला काही जागा वाचताच येत नाहीयेत, अशी डिस्क नव्या कॉम्प्युटरला कायमची लावू नका, फक्त डेटा काढून घ्यायला लावा. अजून एक ओळ असते, यूडीएमए सीआरसी एरर, तो आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती केबलची तक्रार असते, केबल बदलली की तो वाढायचा थांबतो (आधीचा आकडा मात्र तसाच राहतो, तो परत शून्य होत नाही).

आता हे सगळे आकडे शून्य आले तरी निर्धास्त होऊ नका असं मी का म्हणतो ते सांगतो. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या सर्व्हरमधल्या १ लाखाहून जास्त हार्डडिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात दिसलं की ज्या डिस्कवर पहिला स्कॅन एरर (डिस्क स्वतःला तपासताना सापडलेली चूक) येतो ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडायची शक्यता, एरर नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट जास्त असते. म्हणजे आकडा वाईट आला तर विश्वास ठेवायचाच. पण त्याच अभ्यासात हेही निघालं की बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी अभ्यासात महत्त्वाच्या ठरलेल्या अशा चार आकड्यांपैकी एकातही आधी काहीच दाखवलं नव्हतं. म्हणजे निम्म्याहून अधिक डिस्क तसला काही इशारा न देता गेल्या. तुमची डिस्क दहा वर्षांच्या पुढची आहे, ती अजून पाच वर्षं चालेल किंवा पुढच्या आठवड्यात बंद पडेल, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट, डिस्क काढायच्या आधी एक कॉपी करा. १ टीबीची यूएसबीवाली एक्स्टर्नल डिस्क घ्या, जुन्या कॉम्प्युटरला लावा आणि सगळं तिच्यावर उतरवा. ६०० जीबीला रात्रभर लागू शकेल, लागू दे. मुलाला कुठली भेट द्यायची असेल तर ही द्यायला सांगा. नातवंडांचे फोटो एकाच जागी आहेत, तेही इतक्या जुन्या डिस्कवर, हे वाचूनच मला बरं वाटलं नाही.

आता जोडायचं. २०१४ ची डिस्क म्हणजे साटा प्रकारच्या जोडणीचीच असणार, साटा २००३ पासून आहे आणि जुनी साटा डिस्क नवीन मदरबोर्डवर चालते, वेगाचे आकडे वेगळे असले तरी एकमेकांना सांभाळून घेतात. मागे इंग्रजी एल अक्षरासारखे दोन खाचे दिसतील, छोटा ७ पिनांचा तो डेटाचा आणि लांब १५ पिनांचा तो पॉवरचा. एलचा आकार असल्यामुळे उलटं बसतच नाही, बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा, तो प्लॅस्टिकचा भाग तुटला की डिस्क चांगली असूनही कामाची राहत नाही. डेटाची केबल नव्या मदरबोर्डच्या बॉक्समध्ये बहुतेक मिळालेली असते, बॉक्स टाकला नसेल तर बघा. कॅबिनेटमध्ये ३.५ इंचाच्या डिस्कची जागा एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) बाजूला असते, तिथे डिस्क चारही स्क्रू लावून पक्की बसवा, लोंबकळत ठेवू नका, आतली तबकडी मिनिटाला हजारो फेरे मारत असते.

पॉवरच्या केबलबद्दल मात्र नीट वाचा. नव्या एसएमपीएसच्या केबल काढता-घालता येणाऱ्या असतील तर त्या एसएमपीएसबरोबर आलेलीच केबल वापरायची. जुन्या एसएमपीएसची केबल दिसायला तशीच असते, खाच्यात बसतेसुद्धा, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही, वेगळी असते. मग ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि बटण दाबल्या क्षणी डिस्कचं सर्किट जळतं. घरच्या घरी डिस्क लावताना ती मरते तेव्हा अनेकदा कारण हेच असतं. तसंच जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारे स्वस्तातले कन्व्हर्टर मिळतात, त्यातले एका साच्यात प्लॅस्टिक ओतून बनवलेले घेऊ नका, ते आतून शॉर्ट होऊन वितळल्याच्या घटना आहेत.

डिस्क लावताना मेन स्विच बंद, प्लग काढलेला, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावून घ्या म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते. एवढं करून चालू केलं आणि डिस्क दिसलीच नाही तर? मदरबोर्डचं मॅन्युअल बघा. कित्येक बोर्डांवर त्या पट्टीवाल्या एसएसडीचा स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, मॅन्युअलमध्ये ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की डिस्क येते. लोक इथेच डिस्क मेली म्हणून रडतात.

चालू करताना एकदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन (डिलीट किंवा एफ२ दाबून) बूटमध्ये नवी एसएसडीच पहिली आहे ना हे बघून घ्या. नाहीतर कधी कधी मशीन जुन्या डिस्कवरचं विंडोज उघडायला जातं आणि अडकतं. आणि एक, ज्यांच्या नव्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज टाकायचंय त्यांनी ते टाकताना जुनी डिस्क जोडूच नका, विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स बऱ्याचदा जुन्या डिस्कवरच्या बूट पार्टिशनमध्ये जाऊन बसतात, मग सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की नवा कॉम्प्युटर सुरूच होत नाही आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

विंडोज उघडल्यावर धिस पीसीमध्ये नवीन ड्राइव्ह दिसतील, बहुतेक डी आणि ई वगैरे. नाही दिसल्या तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे पार्टिशन दिसत असेल आणि नुसतं अक्षर नसेल तर राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटर, की झालं. पण इथे एक खिडकी कधी कधी समोर येते, 'इनिशियलाइज डिस्क' म्हणून, किंवा 'वापरायच्या आधी फॉरमॅट करा' म्हणून. दोन्ही ठिकाणी कॅन्सल. डेटा असलेल्या डिस्कला विंडोज असं विचारत असेल तर काहीतरी बिघडलंय, केबल, पार्टिशन टेबल, काहीही, आणि ओके दाबलं की ते बिघडलेलं अजून बिघडतं. तुमच्या दुकानदाराने ही खिडकी बघून फॉरमॅटचं सांगितलं असेल असं मला वाटतंय. कुणी म्हणेल नवीन मशीन जीपीटी मागतं आणि तुमची डिस्क एमबीआर आहे (डिस्कवरची पार्टिशन नोंदवायच्या या दोन पद्धती), तर तेही खरं नाही, जीपीटी लागते ती विंडोज जिथून चालू होणार त्या डिस्कला. डेटाच्या डिस्कला एमबीआर चालतं, २ टीबीपर्यंत काही अडचण नाही.

मग तुम्ही जुन्या डिस्कवरच्या युजर्समध्ये जाऊन तुमच्या नावाचा फोल्डर उघडाल तर तो म्हणेल परवानगी नाही. हे व्हायचंच, जुन्या विंडोजमधले तुम्ही आणि नव्यातले तुम्ही हे विंडोजच्या लेखी दोन वेगळे इसम आहेत, नाव तेच असलं तरी. कंटिन्यू दाबा आणि थांबा, ते एकेका फाइलवर परवानगी लिहीत जातं, फोटो हजारोंनी असतील तर बराच वेळ हिरवी पट्टी सरकत राहील, मध्येच बंद करू नका. तरीही नाहीच उघडला तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड असं जाऊन वर ओनर बदला, स्वतःचं आत्ताचं युजरनेम टाका आणि खालच्या चौकोनात टिक करा म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांना लागू होईल.

पुढे रोजच्या वापरासाठी, व्हिडिओ आणि भजनं डीवरच ठेवा, एसएसडीवर आणायची गरज नाही. हवं असेल तर नव्या विंडोजमधल्या व्हिडिओजच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, आणि तिथे डीवरचा फोल्डर द्या. फक्त त्या टॅबमध्ये आधीच वनड्राइव्ह लिहिलेलं दिसलं तर आधी वनड्राइव्हचं बॅकअप बंद करा, मग हलवा, विंडोज ११ सेटअपमध्येच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वनड्राइव्हमध्ये नेऊन ठेवतं आणि तिथे फुकट जागा ५ जीबीच आहे, ती भरली की रोज निरोप येत राहतात. बराच वेळ डी उघडली नाही आणि मग उघडायला पाच-सात सेकंद लागली तर काळजी नको, न वापरलेली डिस्क विंडोज २० मिनिटांनी झोपवतं, तिला परत फिरायला वेळ लागतो. १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसतील, तेही बरोबर आहे, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

जुन्या डिस्कवरचं विंडोज पुसायची घाई करू नका. दोन-तीन महिने जाऊ दे. अमुक एक फाइल राहिली, तमुक ब्राउझरचे बुकमार्क राहिले, असं आठवत राहतं. आणि ती एक्स्टर्नल डिस्क दर महिन्याला एकदा लावून नवीन फोटो तिच्यावर टाका आणि परत काढून कपाटात ठेवा, लावून ठेवू नका, वीज कडाडली तर दोन्ही एकदम जातील.

प्रश्न: सर माझं सांगलीत डीटीपीचं छोटं दुकान आहे, २००५ पासून. त्यावेळच्या ८० जीबीच्या दोन हार्डडिस्क आहेत, त्यात लग्नपत्रिका, स्थानिक दिवाळी अंकांची पानं, एका संस्थेचा स्मरणिकेचा पूर्ण मजकूर आहे, तो त्यांना आता परत छापायचाय. ती रुंद पट्टीची केबल लावायला नवीन कॉम्प्युटरमध्ये जागाच नाहीये. आणि एकदा भावाच्या मशीनवर फाइल उघडली होती तर सगळं इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. फाइल खराब झाल्यात का?

उत्तर: ताई, फाइल खराब झालेल्या नाहीत, आधी एवढं मनातून काढा. दोन वेगळ्या अडचणी आहेत.

डिस्क आयडीई या जुन्या जोडणीची आहे, ४० पिनांची. नव्या बोर्डांवर तो पोर्ट येणं कधीच बंद झालंय, त्यामुळे आत बसवायच्या फंदात पडू नका. यूएसबी ते साटा-आयडीई असा अॅडॉप्टर मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, ऑनलाइनही. घेताना बघायचं एवढंच की त्याच्याबरोबर भिंतीला लावायचा वेगळा पॉवर अॅडॉप्टर आहे का, कारण ३.५ इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि कॉम्प्युटरच्या यूएसबीतून येतात ५. नुसत्या यूएसबीवर चालणारी केबल लॅपटॉपच्या छोट्या डिस्कसाठी असते, ती घेऊन आलात तर डिस्क हलणारच नाही. डिस्कच्या मागे पिनांच्या बाजूला एक छोटा जंपर असतो, वरच्या लेबलवर चित्र असतं त्याप्रमाणे तो मास्टरवर ठेवा, स्लेव्हवर असेल तर पुष्कळ अॅडॉप्टर डिस्क ओळखत नाहीत. आधी डेटाची केबल आणि पॉवर लावा, मग यूएसबी. इतकी वर्षं न वापरता पडून असलेली डिस्क आहे, ती फिरली की लगेच सगळं कॉपी करून घ्या, उघडून बघत बसू नका, निवड नंतर करता येईल.

आता अक्षरांचं. त्या काळात आपण श्रीलिपी, शिवाजी, आयएसएमचे फॉन्ट वापरायचो, ते युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी पद्धत) नव्हते. फाइलमध्ये 'क' असा साठवलेलाच नाहीये, इंग्रजीतल्या कुठल्यातरी अक्षराचा नंबर साठवलाय आणि फॉन्ट त्या नंबरावर 'क' चं चित्र दाखवतो. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणून कॉपी करताना जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्सचा फोल्डर पूर्णच्या पूर्ण उचला, त्यात तुम्ही तेव्हा टाकलेले सगळे फॉन्ट आहेत, अगदी नेमक्या त्याच व्हर्जनचे, आणि ते महत्त्वाचं आहे कारण एकाच नावाच्या दोन फॉन्टमध्येही जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. नवीन मशीनवर तेवढे फॉन्ट इन्स्टॉल केले की वर्डची फाइल जशीच्या तशी मराठीत उभी राहील. पेजमेकरच्या फाइलला मात्र पेजमेकर लागेल.

स्मरणिकेचा मजकूर परत छापायचाय म्हणताय तर फॉन्ट कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणा, पण नंतर माणसाच्या डोळ्याने प्रूफ वाचाच. रफार, र्‍ह, द्य, श्र, पायमोडकी अक्षरं, आणि ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाणं, हे हटकून चुकतं. आडनावांच्या याद्या असतील तर जास्तच. मूळ फाइल आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये जोडीने ठेवा आणि दोन ठिकाणी ठेवा. गावोगावच्या डीटीपीवाल्यांकडे असा किती मजकूर पडून आहे, तालुक्याचे इतिहास, संस्थांचे अहवाल, जे दुसरीकडे कुठेच नाही. तुम्ही तो परत काढताय याचा मला खरंच आनंद वाटला.

प्रश्न: दादा माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, रिपेअर परवडत नाही म्हणून नवीन घेतला. जुन्यातली एसएसडी काढून केसिंगमध्ये घातली तर ती कुलूप दाखवते आणि बिटलॉकर रिकव्हरी की मागते. मी तर कधी बिटलॉकर लावलंच नव्हतं. माझा प्रोजेक्ट त्यात आहे, सबमिशन जवळ आलंय. नाशिक.

उत्तर: तू लावलं नसशील पण विंडोजने लावलं असणार. लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि किल्ली त्या लॅपटॉपच्या टीपीएममध्ये राहते. मदरबोर्ड गेला म्हणजे तीही गेली. पण ४८ आकड्यांची एक दुसरी किल्ली, म्हणजे ती रिकव्हरी की, त्याच वेळी तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवली जाते. ब्राउझरमध्ये त्या अकाउंटला लॉगिन कर, डिव्हाइसेसमध्ये जाऊन बिटलॉकर रिकव्हरी कीज बघ. स्क्रीनवर की आयडी दिसतो त्याची पहिली आठ अक्षरं जुळणारी ओळ घ्यायची. अकाउंट कुठलं ते नीट आठव, कॉलेजने दिलेल्या मेलने लॉगिन केलं असेल तर किल्ली कॉलेजच्या खात्यात असेल, मग तिथल्या आयटीवाल्यांना गाठ. लॅपटॉप पहिल्यांदा घरातल्या दुसऱ्या कुणी सुरू करून दिला असेल तर त्यांचंही अकाउंट बघ.

किल्ली नाहीच मिळाली तर पैसे देऊन उघडून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस, कुणालाच ते उघडता येत नाही. प्रोजेक्टचे तुकडे मेलमध्ये, व्हॉट्सअॅपवर, गाइडकडे, मित्राकडे कुठे पाठवलेत ते शोधायला आजच बस.

बाकीच्यांसाठी: जुना लॅपटॉप चालू असतानाच सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या, मगच डिस्क काढा. निदान किल्ली कागदावर लिहून घ्या.

प्रश्न: जुनी हार्डडिस्क नवीन पीसीला लावली तर टक टक टक असा आवाज येतोय, ड्राइव्ह दिसते आणि जाते. कोण म्हणतं फ्रीजरमध्ये ठेव, कोण म्हणतं चेकडिस्क चालव, ओळखीचा एकजण तशीच दुसरी डिस्क आणून सर्किट बदलून देतो म्हणतोय. आईचे शेवटचे व्हिडिओ आहेत तिच्यात. रत्नागिरी.

उत्तर: आत्ता बंद करा आणि परत लावू नका. हा आवाज म्हणजे आतला हेड आपली जागा शोधतोय, सापडत नाही म्हणून परत मागे जातोय, परत शोधतोय. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर असतं, धुराचा कणसुद्धा त्याहून कितीतरी मोठा असतो. बिघडलेला हेड तबकडीला घासायला लागला की तिच्यावरचा थर खरवडला जातो, आणि जिथला थर गेला तिथलं काहीही जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही. प्रत्येक वेळी तुम्ही बघू या आता लागते का म्हणून चालू करता तेव्हा हे होऊ शकतं.

फ्रीजर नको, त्यात आत दमट हवेचं पाणी होतं. चेकडिस्क तर मुळीच नको, ते आपल्या फाइल वाचवत नाही, ते फाइल सिस्टिम नीटनेटकी करतं, मरणाऱ्या डिस्कवर ते हजारो वाचनं आणि लिखाणं करायला लावतं. सर्किट बदलून फक्त सर्किट जळलं असेल तर उपयोग, इथे तो रोग दिसत नाही, आणि तसंही त्या सर्किटवरच्या छोट्या चिपमध्ये नेमक्या तुमच्याच डिस्कची मापं लिहिलेली असतात, त्यामुळे नुसतं मॉडेल सारखं असून पुरत नाही, ती चिपही काढून बसवावी लागते. झाकण कुणालाही उघडू देऊ नका.

ज्यांच्याकडे स्वतःची धूळविरहित खोली, म्हणजे क्लीन रूम आहे अशा डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. मुंबई-पुण्यात आहेत. आधी फोनवर विचारा की तपासणीचे किती, डेटा नाही निघाला तर पैसे घेता का, आणि डिस्क दुसरीकडे पाठवणार की तुमच्याकडेच उघडणार. खर्च हजारांत जातो, हे आधीच धरून चला. नेताना अँटीस्टॅटिक पिशवी, बाहेरून बबल रॅप, आणि गाडीच्या डिकीत नाही, मांडीवर. आणि तोवर नातेवाइकांच्या फोनमध्ये, जुन्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यातले काही व्हिडिओ आहेत का ते आजच विचारून ठेवा, लोक फोन बदलतात आणि मग तेही जातं.

प्रश्न: लातूरला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. जुन्या डिस्कवर टॅली ईआरपी ९ आहे, दहा वर्षांचे हिशोब. डिस्क नव्या कॉम्प्युटरला लावली, डेस्कटॉपवरचा टॅलीचा आयकॉन कॉपी केला पण उघडत नाही. सगळी सॉफ्टवेअर परत टाकावी लागतील का?

उत्तर: हो, सॉफ्टवेअर परतच टाकावी लागतात. आयकॉन म्हणजे नुसता पत्ता असतो. आणि प्रोग्राम फाइल्सचा फोल्डर उचलून आणला तरी रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, नोंदी येत नाहीत, म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर चालत नाहीत. तुम्हाला हवाय तो हिशोब, सॉफ्टवेअर नाही. टॅलीच्या फोल्डरमध्ये किंवा युजर्समधल्या पब्लिकच्या आत टॅलीचा डेटा नावाचा फोल्डर असतो, त्यात १०००० अशा आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतील, एक फोल्डर म्हणजे एक कंपनी. तो अख्खा डेटा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह बाजूला ठेवा. मग दुसरी नक्कल नव्या मशीनच्या एसएसडीवर घेऊन टॅलीप्राइममध्ये (टॅलीची नवी आवृत्ती) तिचं मायग्रेशन करा, म्हणजे जुना डेटा नव्या आवृत्तीत आणा. मायग्रेशन नेहमी नकलेवर, मुळावर नाही. झाल्यावर प्रत्येक वर्षाचा ३१ मार्चचा ताळेबंद जुन्या प्रिंटशी ताडून बघा, मगच नव्यात एंट्री सुरू करा. रोजचं टॅली जुन्या डिस्कवरून चालवू नका, दुकानात लाइट जाते-येते आणि लिहिता लिहिता वीज गेली की पहिला घाव डेटा फाइलवर बसतो. यूपीएस नसेल तर तो आधी घ्या.

प्रश्न: आम्ही डेटा काढून घेतला, जुनी डिस्क आता नकोय. फॉरमॅट मारून भंगारवाल्याला दिली तर चालेल ना? ठाणे.

उत्तर: क्विक फॉरमॅट मारून नाही चालणार, त्याने फक्त यादी पुसली जाते, फाइल तशाच राहतात आणि फुकटच्या सॉफ्टवेअरने परत निघतात. आधारच्या, पॅनच्या, बँकेच्या स्कॅन केलेल्या कॉप्या प्रत्येकाच्या डिस्कवर असतात. फॉरमॅट करताना क्विकची टिक काढा, विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये तसं केलं की त्या पार्टिशनवर पूर्ण शून्य लिहिली जातात, फिरणाऱ्या हार्डडिस्कला एवढं पुरतं. ५०० जीबीला काही तास लागतात. डिस्कवर जितकी पार्टिशन असतील तितक्यांवर करायचं, लोक सी पुसतात आणि डी विसरतात. करायच्या आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये साइज बघून खात्री करा की तुम्ही जुनीच डिस्क निवडलीय, नवी नाही. डिस्क चालूच होत नसेल तर तिला आरपार दोन-तीन भोकं पाडा, डोळ्यांना चष्मा लावून, कारण लॅपटॉपच्या डिस्कच्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि फुटून उडतात. आणि भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रावर द्या, बऱ्याच महापालिका ठरावीक दिवशी गोळाही करतात, तुमच्या वॉर्ड ऑफिसला विचारलं की सांगतात.